कडक गोळी नको म्हणणारे काका

रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या ओतणारा माणूस म्हटल्यावर तुम्हाला मिशाळ गुंड दिसला असेल. सॉरी. आमचे काका अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालतात, चहात बिस्कीट बुडवतात आणि मांजरी गावाजवळच्या आमच्या शूटिंग क्लबात, रीतसर परवान्यावर, शिशाच्या गोळ्या ओततात. प्रत्येक घाण्यातली एक गोळी ते चित्रकलेच्या मऊ-कडक पेन्सिलींनी ओरखडून बघतात. कुठल्या पेन्सिलीचा ओरखडा उठला, त्यावरून शिसं किती कडक ते कळतं.

परवा क्लबचे सेक्रेटरी आले, तेव्हा मी काकांच्या शेजारीच होतो. "काका, स्पर्धेला एकदम कडक गोळ्या करा. काय रे, बरोबर ना?"

मी म्हणालो, "हो सर."

"नाही करणार," काका म्हणाले. "आपलं काडतूस कमी जोराचं. त्यात कडक गोळी नळीत नीट बसत नाही, शिसं नळीला चिकटून राहतं."

"मग उद्यापासून येऊ नका."

"बरं. पण आधी स्वतः उडवून बघा."

सेक्रेटरींनी सहा कडक गोळ्या उडवल्या. काकांनी नळीतून फडकं ओढलं, तर त्यावर शिशाचा चकचकीत कीस. नळी घासून मग सहा मऊ उडवल्या. फडकं नुसतं काजळीनं काळं झालं.

"करा तुमच्याच," म्हणत सेक्रेटरी गेले.

मी लगेच पोट पुढे काढून त्यांची नक्कल केली. काका हसले नाहीत.

"ते चुकले, पण बघायला थांबले तरी. तू न बघताच 'हो सर' म्हणालास. आणि माझी नोकरी जात होती, तेव्हा स्वतःचे बूट बघत उभा होतास."