नऊ वाजताचा हिरवा चौकोन

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे. त्यावर एकसष्ट चौकोन. एक चौकोन म्हणजे घरात एकटं राहणारं एक म्हातारं माणूस. गळ्यात घालायचं एक बटण त्यांना दिलेलं असतं. पडलं, चक्कर आली, की दाबायचं. इकडे चौकोन लाल होतो आणि फोन सुरू होतात. एरवी रोज सकाळी नऊला बटण आपणहून खबर देतं आणि पूर्वी त्यावर चौकोन हिरवा व्हायचा.

हे बटण बनवणारा इंजिनीअर अडतीस वर्षांचा आहे. त्याची पहिली ग्राहक त्याची मावशी. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं. सगळ्या ग्राहकांना दरमहा विचारायचे आठ प्रश्न तो तिलाही विचारायचा.

"मावशी, बटण कसं वाटतं?"

"छान आहे."

"काही त्रास?"

"कसला त्रास? तू केलंयस ना, मग झालं. दहापैकी दहा लिही. आणि साहेब, जेवलात का ते सांगा आधी."

त्याने दहा लिहिले. बाकीच्यांचे आकडेही त्याच्या आसपासच होते.

मागच्या वर्षी एका मंगळवारी संध्याकाळी मावशी न्हाणीघरात पडली. बुधवारी दुपारी शेजारणीने दार उघडवलं तेव्हा सगळं संपलं होतं. बटण कपाटात सापडलं, स्वेटरच्या घडीखाली, त्याने दिलं होतं त्याच खोक्यात. बुधवारी सकाळी नऊला त्या कपाटातून खबर आली होती. इंजिनीअरने हिरवा चौकोन चहा पिता पिता पाहिला होता.

"हिरवा म्हणजे बटण शाबूत," त्याची भागीदार सांगते. "आम्ही माणूस शाबूत असं धरून बसलो."

मावशीने ते का घातलं नाही, हे इंजिनीअरला अजून कळलेलं नाही. तिला विचारता येत नाही, म्हणून तो इतरांच्या घरी जातो. आठ प्रश्नांचा कागद त्याने फाडला. आता एकच विचारतो: बटण या क्षणी कुठे आहे? चव्वेचाळीस घरं झाली. एकोणतीस बटणं कपाटात, खणात, एक तर लग्नकार्यात द्यायला ठेवलेल्या भेटवस्तूंच्या पिशवीत.

गेल्या आठवड्यात तो एका निवृत्त शिक्षिकेकडे गेला होता.

"जपून ठेवलंय की," बाई म्हणाल्या.

"घालत का नाही?"

"घातलं की समोरची विचारते, बरं नाही का? एकदा आजारी ठरले, की मुलगा उचलून नेईल त्याच्या घरी. मग हे घर गेलंच."

"मला तर छान आहे म्हणाला होतात."

"अहो, तुम्ही तीन जिने चढून आलात. किती हौसेने दाखवत होतात. तोंडावर नको म्हणायचं?"

 त्याने पाणी मागितलं.

नवीन बटण गळ्यात घालायचं नसेल. न्हाणीघरात, फरशीपासून वीतभर उंचीवर, भिंतीच्याच रंगाचं. नऊच्या खबरेला चौकोन आता हिरवे होत नाहीत, करडे होतात. हिरवे होतात ते माणूस फोनवर स्वतः बोलल्यावरच.

पहिल्या चौकोनाला मात्र त्याने हात लावलेला नाही. मावशीचं घर बंद आहे, बटण कपाटातच आहे, आणि तिचा चौकोन नऊला अजून हिरवा होतो.

"ते बंद कर आता," भागीदार म्हणते.

"बॅटरी अजून आठ महिने चालेल," तो म्हणतो, आणि नऊला दोन मिनिटं असताना स्क्रीनसमोर जाऊन उभा राहतो.