मागावरचा आवाज

गोपिका मागांच्या खटखटीतच वाढली. महाल वस्तीतल्या त्यांच्या घरात दिवस उजाडला की हातमाग सुरू व्हायचे, म्हणून तिथं पाणी मागायचं तरी ओरडूनच. माग थांबले तरी तिचा आवाज काही खाली येत नसे. गल्लीला त्याची सवय होती. ट्रेनिंग कॉलेजला नव्हती.

चौऱ्याहत्तर साली तिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला फुकट जागा मिळाली. अट एकच. खऱ्या वर्गावर पाठ घ्यायचा, त्यात नापास झाली की फीमाफी बंद. बापानं, ताराचंदनं, तेव्हाच सांगून ठेवलं, "माफी गेली तं फी काही माह्याच्यानं भरणं होत नाही वं. मंग आपला माग हायेच."

कॉलेजातल्या शामलाबाई रोज बजावायच्या, "हळू बोल वं, पोरं भिऊन पळतीन."

गोपिकेनं हे इतकं मनावर घेतलं, की पाठाच्या दिवशी वर्गापुढे उभी राहिली आणि कुजबुजू लागली. शिकवायची होती वजाबाकी. पण बाई खडूच्याच कानात काही सांगतेय असं वाटावं. मागच्या बाकावर परीक्षक वामनराव बसले होते. त्यांनी आधी कानामागे हात धरला, मग पेनाला टोपण लावलं. ते टोपण गोपिकेनं पाहिलं. उद्यापासून हातात मागाचा धोटा, एवढंच तिला दिसू लागलं.

तेवढ्यात गेलेली लाईट आली आणि शाळेच्या भिंतीला लागून असलेली पिठाची चक्की घरघरली. दारातल्या शामलाबाईंनी कपाळावर हात मारला. पण असल्या गोंगाटात कसं बोलायचं, हे गोपिकेला कोणी शिकवावं लागत नव्हतं. आवाज आपोआप वर चढला. पोरं ताठ बसली, बोटं मोजू लागली. वामनरावांनी टोपण काढलं.

आणि लाईट पुन्हा गेली. चक्की गप्प. गोपिकेला पत्ताच नाही.

"सातातून तीन गेले, राहिले किती?" ती गरजली.

वामनरावांच्या हातून पेन पडलं. गोपिका खडू धरून तशीच उभी.

मग पुढच्या बाकावरची एक चिमुरडी तिच्याहून मोठ्यानं ओरडली, "चार, बाई!"

मागोमाग सगळा वर्ग, "चार!"

वामनराव वाकून पेन शोधत म्हणाले, "आवाज थोडा आवरा, बाई. पास करून राहिलो मी तुम्हाले."

बाहेर आल्यावर शामलाबाईंनी तिला चिमटाच काढला. "हळू बोल म्हटलं होतं वं, मुकी हो नव्हतं म्हटलं!"

पुढे नरखेडकडच्या एका गावात तिला शाळा मिळाली. शेजारी संत्र्याचा बगीचा होता. तिथल्या पंपावरच्या गड्यांचेही पाढे दोन वर्षांत पाठ झाले.