मशीनवर बसलेल्या काकांसाठी फिशपॉन्ड

दहावीच्या निरोप समारंभात आमच्या शाळेत तीन गोष्टी ठरलेल्या असत: हेडसरांचं भाषण, बुंदीचा लाडू आणि शाळेला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. ऑफिसात आधीच्या बॅचेसची पाच घड्याळं होती. पाचही वेगवेगळी वेळ दाखवायची, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला आपल्या सोयीचं घड्याळ निवडता यायचं. आम्ही सहावं दिलं. पण आमच्या बॅचचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. आम्हाला फिशपॉन्ड हवे होते.

फिशपॉन्ड म्हणजे एकेकाची टोपी उडवणारी दोन-चार ओळींची चिठ्ठी. ती स्टेजवरून वाचायची आणि ज्याची टोपी उडाली त्याने उभं राहून हसायचं, आतून कितीही जळत असलं तरी. ते नेहमी मागच्या पापांवर असायचे. आमच्या वर्गाची पापं वाचायला बसलो असतो तर बोर्डाची परीक्षा पुढे ढकलावी लागली असती. म्हणून मी म्हटलं, मागचं सोडा, पुढचं लिहू, दहा वर्षांनी कोण काय झालेलं असेल ते. लिहायचं आणि वाचायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी ख्याती पाचवीपासून होती.

आमची शाळा तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत. मी तिथे एका बाकावर पाच वर्षं एकाच मुलीशेजारी बसले. ती कमी बोलायची, मी तिचं बोलणंही बोलून टाकायचे, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. तिच्या वडिलांचा साऊंडचा धंदा होता. एक टेम्पो, चार मोठे बॉक्स, दोन भोंगे आणि आवाज कमी-जास्त करायचं एक मशीन. पंचक्रोशीतली हळद, पूजा, सभा, नवरात्र, सगळं त्यांच्या बॉक्समधून ऐकू यायचं. वायर गुंडाळणं, जॅक साफ करणं, बॉक्समधली घरघर नेमकी कुठून येते ते कान लावून शोधणं, ही कामं माझ्या बाकवालीची. ती नसली की काकांचं मशीन घरघरायचं आणि काका मशीनला चापट्या मारायचे.

तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं आणि पुढे नर्सिंग करायचं होतं. सायन्सला जायचं म्हणजे डहाणू गाठायचं. काकांनी घरात एकदाच सांगितलं होतं की इथेच जवळ आर्ट्स घे. त्यानंतर हा विषय निघाला की त्यांना ऐकू येत नसे. इतकी वर्षं बॉक्सशेजारी बसून त्यांचे कान थोडे बसले होते, हे खरं. पण गुजरातच्या सीमेपलीकडून कुणी फोनवर नवरात्रीची ऑर्डर कुजबुजत दिली, तरी ती त्यांना ऐकू यायची आणि ते खणखणीत गुजरातीत भाव सांगायचे. बायको म्हणाली, मामा म्हणाला, आमचे विज्ञानाचे सर घरी जाऊन चहा पिऊन आले. काका दर वेळी कानामागे हात धरायचे, आँ म्हणायचे आणि वायर गुंडाळायला घ्यायचे. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. बाकवालीने घरात बोलणं सोडून दिलं होतं आणि आर्ट्सची पुस्तकं कुणाकडे मिळतील याची चौकशी सुरू केली होती. ती चौकशी ऐकून माझं डोकं फिरलं.

समारंभाला साऊंड काकांचाच असणार होता. फुकट, मुलीची शाळा म्हणून. मला त्यावरून सुचलं. काकांना माणसांचं ऐकू येत नाही, पण स्वतःच्या बॉक्समधून निघालेला शब्द न् शब्द ऐकू येतो. एखाद्या लग्नात गाणारा जरा बेसूर झाला तरी त्यांचा हात बटणावर जायचा. मग त्यांना जे सांगायचं ते त्यांच्याच बॉक्समधून का सांगू नये?

मधल्या सुट्टीत मी बेत मांडला. बाकवाली तेव्हा पाणी प्यायला गेली होती. वर्गाला बेत आवडला, फक्त पहिल्या नंबरवाल्याने नाक मुरडलं. तो म्हणाला, काका चारचौघांत चिडले तर तिचं आर्ट्सही जाईल, ती घरी बसेल आणि तू मजेत डहाणूला जाशील. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मला ते तेव्हाही कळलं होतं, म्हणून मी त्याला घाबरट म्हटलं. तिला विचारावं असं मात्र मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. ती नको म्हणाली असती.

सगळ्या चिठ्ठ्या आधी मराठीच्या बाईंकडे लाल पेनाखालून जात. बाईंनी माझ्या सात चिठ्ठ्या कापल्या, त्यात पीटीचे सर दहा वर्षांनी तरी स्वतः धावतील ही एक होती. बाकवालीसाठी मी बाईंना दाखवायची वेगळी चिठ्ठी लिहिली होती: दहा वर्षांनी हिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल. बाई हसल्या, बरोबरची खूण केली. खरी चिठ्ठी माझ्या कंपासपेटीत होती.

समारंभाच्या दिवशी पटांगणात चिकूच्या झाडाखाली काकांनी मशीन मांडलं. एक बॉक्स शाळेकडे, एक रस्त्याकडे आणि झाडावर भोंगा. मग त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री. आयुष्यभर त्यांनी हजारो वेळा माइक धरला असेल, पण या शब्दांपलीकडे ते कधी काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बोलणारे लोक वेगळे असतात, असं त्यांचं मत होतं.

हेडसर बोलले. सर्वांत मागच्या रांगेत डुलकी लागेपर्यंत बोलले. मग माझी पाळी आली.

पहिला नंबरवाला दहा वर्षांनी कलेक्टर होईल, पण सही करताना शेजारच्याने बघू नये म्हणून हात आडवा धरील. रोज पहिला तास बुडवणारा एस.टी.चा ड्रायव्हर होईल आणि त्याचे प्रवासी मागच्या गाडीने आधी पोचतील. चिंचणीहून मामाकडे शिकायला आलेला आणि डब्यात सुके बोंबील आणून वर्ग रिकामा करणारा, तो बोंबलाच्या अत्तराचा कारखाना काढील, पहिली बाटली हेडसरांना देईल. हेडसरसुद्धा हसले. माझ्यासाठी इतरांनी मिळून लिहिलं होतं की ही लोकांच्या चुगल्या लिहून पोट भरील. ते मला स्वतःच्याच तोंडाने वाचावं लागलं.

मग मी कंपासपेटीतली चिठ्ठी काढली. बाईंनी चष्मा वर केला. मी वाचलं, "माझी बाकवाली दहा वर्षांनी मोठ्या दवाखान्यात नर्स असेल. तिचे बाबा कान दाखवायला येतील. ती विचारील, ऐकू येतंय का? ते म्हणतील, आँ? मग ती हे एवढं मोठं इंजेक्शन काढील आणि त्यांना एकदम सगळं ऐकू यायला लागेल."

पटांगण हसत होतं. रस्त्याकडच्या बॉक्ससमोर दोन रिक्षावाले थांबले होते, तेही हसत होते. मी तिथेच थांबले असते तर शहाणी ठरले असते. मी पुढे वाचलं, "पण त्यासाठी तिला आधी डहाणूला सायन्सला जाऊ द्यायला लागेल. आणि हे ज्यांना सांगायचंय, ते आत्ता मशीनवर बसलेत."

आणि आवाज गेला. लाइट गेली असेल म्हणून सगळ्यांनी वर्गांकडे बघितलं, पण आतले पंखे फिरत होते आणि मशीनचा हिरवा दिवा चालू होता. काका मान खाली घालून बसले होते, हात बटणावर. मी मेलेला माइक धरून स्टेजवर उभी होते. पहिल्या नंबरवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपण हिचं वाटोळं केलं.

रांगेतून ती उठली आणि मान वर न करता मशीनकडे गेली. तिथे तिने काय विचारलं ते तिने मला नंतर सांगितलं. तिने सवयीने विचारलं होतं, बाबा, वायर निघाली का? ते म्हणाले, नाय, मीच बंद केला. मग ती त्यांच्या बाजूला सतरंजीवर बसली आणि पसरलेली वायर गुंडाळायला लागली.

हेडसर खुर्चीतून उठायला लागले, तेवढ्यात भोंग्यातून खरखर आली. काकांनी आपला माइक हातात घेतला होता.

"हॅलो, हॅलो," ते म्हणाले. "माइक टेस्टिंग."

लोक हसले. काकांनी हसू संपू दिलं.

"मला ऐकू येतं," ते म्हणाले. "माझ्याकडं जवाब नव्हता, म्हणून येत नव्हतं." त्यांचा श्वास दोन्ही बॉक्समधून ऐकू आला. "डहाणूची पहिली गाडी किती वाजता हाय, कोणाला माहीत हाय का?"

सर्वांत मागून रोज उशिरा येणाऱ्याने उभं राहून वेळ सांगितली. त्याला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, चुकवलेल्या असल्यामुळे. काकांनी माइकवरूनच धन्यवाद म्हटलं आणि माझा आवाज परत चालू केला, पण मला पुढची चिठ्ठी वाचता येईना. मी रडत होते आणि ते रडणं भोंग्यावरून हायवेपर्यंत जात होतं.

बाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. बाकवाली माझ्याशी थेट बोर्डाच्या पहिल्या पेपरापर्यंत बोलली नाही. त्या दिवशी हॉलबाहेर तिने मला तिचं जास्तीचं पेन दिलं आणि म्हणाली की परत कधी माझं बोलणं तू बोलायचं नाहीस. मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी दोन वर्षं डहाणूच्या गाडीत एका सीटवर बसलो. खिडकी कायम तिची, कारण मी काही बोलू शकत नव्हते.

त्या भविष्यांना दहा वर्षं व्हायला अजून एक वर्ष आहे. कलेक्टर अजून परीक्षा देतोय. एस.टी.चा ड्रायव्हर खरंच ड्रायव्हर झाला, पण कंपनीच्या बसवर, आणि म्हणे फार वक्तशीर आहे, त्यामुळे आमच्यापैकी कुणाचाच विश्वास बसत नाही. माझं भविष्य तुम्ही वाचताच आहात. बाकवाली नर्स आहे. मला एकदा धनुर्वाताचं इंजेक्शन तिच्याच हातून घ्यावं लागलं, तेव्हा तिने जुना सगळा हिशेब एका सुईत चुकता केला.

यंदा शाळेने निरोप समारंभाला मला पाहुणी म्हणून बोलावलं. ऑफिसात आता चौदा घड्याळं आहेत. चिकूच्या झाडाखाली काका तेच मशीन घेऊन बसले होते. आता त्यांना खरोखरच कमी ऐकू येतं. मुलीने कानात घालायचं यंत्र घेऊन दिलंय, ते काका शर्टाच्या खिशात ठेवतात. मी जवळ जाऊन विचारलं, "काका, ऐकू येतंय का?" त्यांनी ओठांवरून ओळखलं असावं. म्हणाले, "आधी काय बोलणार ते सांग."

मी बोलायला उभी राहिले तर बॉक्समधून नुसती घरघर. पोरं कानांवर हात ठेवून हसायला लागली. नवे हेडसर काकांना खुणा करत होते, काका त्यांना हात हलवून नमस्कार करत होते. शेवटी मी स्टेजवरून उतरून मशीनपाशी गेले आणि त्यांच्या खिशातलं यंत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कानात घातलं, मान वाकडी करून घरघर नीट ऐकली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"येणारच घरघर," ते म्हणाले. "पोरगी ड्युटीवर हाय."

शाळेतले शिपाईमामा नंतर म्हणाले की गेली कितीतरी वर्षं काका सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतात, मराठीत आणि गुजरातीतही, आणि कुणी भाव कमी करून मागत नाही. मी स्टेजवर परत गेले आणि त्याच घरघरीत माझं भाषण पूर्ण केलं.