सरांचं नाक

"वास येतोय का?" कुठेही शिरले की सर आधी हे विचारायचे, हनुवटी जराशी वर करून. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असं विचारलं तर काय अर्थ निघतो? चांगला असेल तर तो सुगंध. वास येतो म्हणजे काहीतरी नासलंय.

एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला सरांनी वरणाची वाटी नाकाशी नेऊन वहिनींना हेच विचारलं. "आमच्यात शिळं न्हाई वाढत, सर," म्हणत वहिनी तोंड फिरवून आत गेल्या. सर कानापर्यंत लाल. "तसं न्हाई वहिनी, तसं न्हाई," करत त्यांनी पुन्हा पुन्हा वरण मागून घेतलं. पंगतीत हशा पिकला. मीही पोट धरून हसले.

जालन्यातल्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या विभागात नवीन लागलेली. त्यांचा सगळा जीव वासाच्या अभ्यासात. "नाकात प्रथिनांच्या खुर्च्या असतात, मॅडम. वास येऊन बसला की मेंदूला वर्दी जाते." त्या खुर्च्या डोळ्यांनी बघायच्या म्हणून त्यांनी परदेशातून एक अँटीबॉडी मागवली. ती नेमकी त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि तिला रंग जोडला की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. चीज थेंबभर, पण नखरे नवरीचे. पहिली कुपी वाटेतच बर्फ वितळून वाया गेली. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," सर म्हणाले. दुसरी आणायला नदीपलीकडच्या नवीन जालन्यात, कुरिअरच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. येताना बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ते रिक्षावाल्याच्या मागे लागले होते, "जल्दी चला भाऊ, वितळून राह्यलं!"

ओळखीच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातल्या अस्तराचे दोन कणभर तुकडे दिले होते. एक धडधाकट माणसाचा, दुसरा तापानंतर वास गेलेल्याचा. पहिल्या काचेवर हिरवे ठिपके असे उजळले की मी टाळीच वाजवली. दुसरी काच अंधारी. सर तिच्यावरून डोळा काढेनात.

"बिचारा," मी म्हणाले. "त्याला कळवायला पाहिजे, सर."

"एका तुकड्यावरून काही ठरत नसतं," ते म्हणाले. मग सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत, "अन् त्याला कळलंय. मीच हाय तो."

कोरोनाच्या तापात गेलेला वास परत आलाच नव्हता. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. "वासावर भाषणं देतो अन् मलाच येत न्हाई. लोक हसतील, मॅडम. नाक कापलं जाईल माझं. कुणाला बोलू नका." साठीला टेकलेला माणूस चोरी पकडल्यासारखा खाली मान घालून बोलत होता. तो प्रश्न ते का विचारायचे हे मला तेव्हा उमगलं. दुसऱ्यांच्या नाकानं अंदाज घ्यायचे बिचारे. पंगतीतलं माझं हसणं आठवून मला माझीच लाज वाटली. वहिनींना जाऊन सांगावंसं वाटलं, पण शब्द दिला होता.

पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते निरोपसमारंभात. त्या दिवशी गुलाबपाणी पाहुण्यांवरच संपलं, म्हणून एका विद्यार्थिनीनं सगळ्यांसमोर गुलाबदाणीत पिण्याच्या बाटलीतलं साधं पाणी ओतलं. सर तेव्हा व्यासपीठावर प्राचार्यांशी बोलत होते. तिनं हातावर शिंपडलं तसा त्यांनी तळहात नाकाशी नेला, डोळे मिटले आणि माइकसमोर म्हणाले, "वा! काय सुगंध हाय!"

सभागृह खदखदून हसलं. सरांनी मस्करी केली असंच सगळ्यांना वाटलं. सरांनी डोळे उघडले, गोंधळून एकेकाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. मी मान खाली घातली.

मग सरही हसायला लागले. सगळे थांबले तरी ते हसतच होते.