घोरणं गेल्यावर

मी घोरते हे ग्वाल्हेरातल्या निम्म्या मराठी घरांना माहीत होतं, कारण आमच्या यांनी ते सांगितलं होतं. नुसतं सांगून भागलं नाही. मी झोपले असताना यांनी माझं घोरणं फोनवर टिपून घेतलं आणि घरी चहाला येईल त्याला ऐकवलं. "ऐका, किल्ल्यावरची तोफ," असं म्हणून हे स्वतःच आधी हसायचे. मग पाहुणे हसायचे. मी ट्रे घेऊन आत येत असले तरी तो आवाज बंद करायचं कोणाला सुचत नसे.

पुढे यांनी आपली गादी वरच्या मजल्यावर नेली. झोप होत नाही, दुसऱ्या दिवशी कोर्टात डोकं चालत नाही, असं कारण दिलं. हे वकील आहेत. त्याआधी ते चालत होतं याचा पुरावा मला कधी मिळाला नाही, पण कारण मात्र मी खरं मानलं. घोरणं गेलं की हे खाली येतील, असं मी धरून चालले. मला ते खाली यायला हवे होते. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं बोलू नये म्हणतात, पण हवे होते.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आधी झोपेची तपासणी करायला लावली, झोपेत श्वास अडकत नाही ना ते पाहिलं, आणि मग लेझर सुचवलं. "आंटी, न चीरा, न टाँका, न बेहोशी. बस मुँह खोलके बैठना है." टाळूच्या मागच्या मऊ भागाला लेझरची ऊब देतात, तो भाग आक्रसतो आणि फडफडायचा थांबतो. काळा चष्मा लावून, आ करून मी त्या खुर्चीत बसले. गरम चहा घाईनं प्यायल्यासारखं वाटलं, नंतर थोडी खवखव, बाकी काही नाही. मधे काही आठवडे सोडून पुन्हा पुन्हा जावं लागलं. हे एकदाही बरोबर आले नाहीत.

नणंद जवळच, दाना ओली नावाच्या जुन्या गल्लीत राहते. ती मात्र दर खेपेला चौकशीला यायची. "वहिनी, या वयात हे लेझर-वेझर कशाला करवून घेतेस? करवट बदलून झोप ना," ती म्हणाली.

"तुमच्या दादांना त्रास होतो ना."

"दादाला कसली परेशानी? तो मजेत आहे वरती."

मी तिला बावळट समजत होते. त्या घरातली ती एकटीच खरं बोलत होती.

होळीच्या सुमाराला माझं घोरणं थांबलं. माझी बहीण मुक्कामाला आली होती, ती शेजारी झोपली आणि सकाळी म्हणाली, "इतकी शांत होतीस की जिवंत आहेस ना ते पाहायला उठले मी." मी यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता हे म्हणाले, "अरे वा. छान झालं." गादी वरच राहिली. आधी म्हणाले, कमरेला तिथलीच जमीन मानवते. मग म्हणाले, वर हवा चांगली येते. ग्वाल्हेरात, एप्रिल महिन्यात, तापलेल्या गच्चीखालच्या खोलीत हवा. यांनी जुना कूलर दुरुस्त करून घेतला, पाठभर घामोळं आलं तर पावडर मारली, पण खाली आले नाहीत. घामोळं चालत होतं, मी नको होते. हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात पोटभर रडले. रडून झाल्यावर राग आला, आणि तो जास्त उपयोगी पडला.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये होतं. बायका ओळीनं बसलेल्या, नवरे दाराशी पन्ह्याचे ग्लास धरून उभे. आमच्यात केस पांढरे झाले तरी उखाण्यातून सुटका नाही. उखाण्यात नवऱ्याचं नाव आणि कौतुक. दुसरं काही येऊ शकतं, हे कोणाच्या मनातही येत नाही. माझी पाळी आली तसे हे मित्रांना म्हणाले, "सांभाळा, तोफ येतेय." मी उभी राहिले.

"घोरण्याचा रोग गेला, घसा झाला बरा,
अमुकराव अजून वरच झोपतात, हेतू सांगा खरा."

तिथं मी नाव खणखणीत घेतलं, इथं लिहीत नाही. कोणी हसलं नाही. डाळ वाढणारीचा हात डाळीतच राहिला. यांचा चेहरा पाहून मला जे सुख झालं, ते लग्नात हार घालतानाही झालं नव्हतं.

आमच्या लोकांत बातमी पोचायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी यांना कोर्टात कोणीतरी काळजीनं विचारलं, "वकील साहब, घर में सब ठीक है ना?"

त्या रविवारी भरदुपारी हे गादीची वळकटी काखेत मारून माझ्या खोलीच्या दारात आले.

"आजपासून खाली झोपतो," म्हणाले.

"माझ्यासाठी की लोकांसाठी?"

खोटं बोलायला यांना एरवी वेळ लागत नाही, धंदाच तो. पण त्या दिवशी उकाड्यानं थकले असतील.

"लोकांसाठी," म्हणाले.

"मग बाहेरच्या खोलीत घाला. लोक तिथंच येतात," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं गादी जमिनीवर टाकल्याचा आवाज आला.