बारा वर्षांनी घरी आलेला नाखवा

मंडळी, आपण लिहिणारे एकमेकांना धाडतो त्या फिरत्या वहीत आज हसवणारं काही लिहिणार नाही.

दुपारी शिरगावच्या शाळेत माझी विनोदी गोष्ट वाचली. समुद्रात बेपत्ता झालेला नाखवा बारा वर्षांनी घरी येतो, तर घरचे रीतीप्रमाणे त्याला मेला धरून, त्याचा गवताचा पुतळा करून जाळायला निघालेले. तो म्हणतो, "अरे, नाक तरी माझ्यासारखं करायचं!" पोरं बाकावरून घसरेपर्यंत हसली. मीही स्वतःवर खूश.

मग सातवीतली एक मुलगी जवळ आली.

"गुरुजी, तो कंच्या वाटेनं आला?"

"का गं?"

"माजा बापूस होडीसकट गेला, त्याला बारा वर्सं झाली. आई सोमवारी पुतला जालनार हाय. तिला थांब सांगू?"

मी चाचरत म्हणालो, "अगं, ती गंमत होती."

"ते समजलं. मी पन हसली. पन तो आला ना?"

तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "चला साहेब, चहा निवतोय." आणि मी गेलो. चहा प्यायलोसुद्धा.

मुलांसमोर मरणाची थट्टा करावी की नाही, यावर आपण पुढं खुशाल भांडू. आत्ता एवढंच सांगा, सोमवारच्या आत त्या पोरीला मी काय कळवू?