कुलूप लागलेला किल्ला

माझे सासरे, तात्या, सत्तरी उलटल्यावर राजे झाले. कांदिवलीच्या घरात बनियन-लुंगीवर, चष्मा कपाळावर चढवून ते राज्यकारभार करत. माझ्या ऑफिसपायी आम्ही दोघं अंधेरीला राहायला गेलो, तेव्हा एकट्या पडलेल्या तात्यांच्या फोनमध्ये जुन्या काळच्या राजेरजवाड्यांचा तो लढाईचा खेळ मीच घालून दिला, आणि मीही तो खेळू लागले. सोबत द्यायची सोडून खेळ दिला, हे मला तेव्हाही कळत होतं.

रोज संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांचा फोन यायचा. पुढचा मुलूख कुठला घ्यायचा, हा एकच विषय. मला लोखंडाच्या खाणी हव्या असायच्या, तात्यांना भातशेती, आणि तीही माझ्या राज्याला लागून असलेली. तिथे काय मिळणार, असं विचारलं की म्हणायचे, "शेजार मिळतलो."

त्यांचा एक नियम मात्र अगदीच अव्यवहारी होता. जो खेळाडू बरेच दिवस फिरकत नाही, त्याच्या किल्ल्यावर कुलपाचं चित्र येतं. असे किल्ले घ्यायला बाकीचे टपलेलेच असतात. तात्या त्यांना हात लावत नसत. "घराक कुलूप आसताना आत शिरूचा नाय गो. मालक येवं दे, मगे लढू."

गावचं त्यांचं घर असंच गेलं होतं. तात्या मुंबईत, घराला कुलूप. चुलतभावाने आधी पडवीत पेंढा रचला, मग चूल मांडली. तात्या भांडले नाहीत, फक्त गणपतीला गावी जायचे बंद झाले. हे ठाऊक असूनही मी त्यांना चिडवायचे, की सगळे राजे तुमच्यासारखे असते तर इतिहासाचं पुस्तक दोन पानांत आटोपलं असतं. ते मनापासून हसायचे.

पुढे माझं काम वाढलं. "तात्या, नंतर करते" म्हणून मी फोन ठेवायचे, आणि ते नंतर काही यायचं नाही. खेळ तर मी क्वचितच उघडायचे. तरी माझ्या राज्यावर कधी कुणी चालून आलं नाही. मला वाटायचं, नशीब.

तात्या झोपेतच गेले. तेराव्यानंतर काही दिवसांनी मी खेळ उघडला. त्यांच्या किल्ल्यावर कुलूप होतं आणि बाहेर कुणी परका राजा तळ ठोकून बसला होता. नियम पाळावा तर तो शिरणार, मोडावा तर मी. नवऱ्याला विचारलं.

"घे ना तू. बाहेरच्याला कशाला द्यायचं?" तो म्हणाला.

गावच्या घराच्या वेळीही कुणीतरी असंच म्हणालं असणार. तरीही मी हल्ला केला.

लढाई झालीच नाही. किल्ल्यात एकही शिपाई नव्हता. सैन्य गेलं कुठे म्हणून नकाशा पाहिला. तात्यांची सगळी फौज माझ्या वेशीवर पहाऱ्याला उभी होती. मी घरी नसायचे ना.